धुरजड आणि उलार : भंडाऱ्याच्या रस्त्यावरची ओढलेली घरं

मागच्या व्याख्यानात आपण मालगुजारी तलावांबद्दल बोललो. ते संपवून मी खाली उतरत होतो, तर जिन्यात एका तरुणाने गाठलं. म्हणाला, "सर, विषय वेगळा आहे, पण विचारू का? माझ्याकडे छोटी एसयूव्ही आहे. तिच्यामागे दोन चाकांचा लहानसा ट्रेलर लावायचा, आत झोपायची जागा, मागच्या झाकणाखाली गॅसची शेगडी. बायको-पोरीला घेऊन कोका, नागझिरा, चांदपूर असं फिरायचं. आपल्याकडे हे कुणी केलंय का?"

मी म्हटलं, बाबा, मी इतिहासाचा माणूस, मला गाडीतलं काय विचारतोस. पण घरी पोचेपर्यंत प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण "आपल्याकडे हे कुणी केलंय का" याचं खरं उत्तर असं आहे, की आपल्या या रस्त्यावर दीडशे वर्षं तरी माणसं घर ओढत नेताहेत. त्यांना कुणी कॅम्पर म्हटलं नाही एवढंच. म्हणून आज ठरलेला विषय पुढच्या वेळी, आणि आज हा. तो तरुण समोरच बसलाय, तेव्हा मध्ये मध्ये मी त्याच्याशीच बोलेन, इतरांनी रागावू नये.

आधी रस्ता. नागपूरहून निघून भंडारा, वैनगंगा ओलांडून कारधा, मग लाखनी, साकोली, देवरी आणि पुढे छत्तीसगडात रायपूर. आज याला राष्ट्रीय महामार्ग ५३ म्हणतात, आपण अजूनही 'एनएच सिक्स' म्हणतो, आणि इंग्रजांच्या कागदांत हाच 'ग्रेट ईस्टर्न रोड' आहे. १८५३ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्यप्रांत तयार झाला, आणि पहिल्या काही वर्षांतच रिचर्ड टेंपलसारख्या चीफ कमिशनरांनी रस्त्यांचा ध्यास घेतला. छत्तीसगडचं धान्य नागपूरला यायचं ते याच वाटेने, आणि आगगाडी १८६७ मध्ये नागपूरपर्यंतच आली होती. पुढची नागपूर-छत्तीसगड लाईन व्हायला १८८० चं दशक उजाडलं. तीही भंडारा शहरात आलीच नाही, वरठीला स्टेशन झालं. म्हणजे मधली दहा-पंधरा वर्षं सगळा भार या रस्त्यावर, बैलांच्या खांद्यावर होता.

त्याआधी बंजाऱ्यांचे तांडे होते. पण बंजारा ओढत नव्हता, लादत होता. गोण्या बैलाच्या पाठीवर, चाक नाही, त्यामुळे रस्ताही लागत नसे. गंमत बघा, 'कारवान' हा फारसी शब्द, त्याचा अर्थ आपल्या तांड्यासारखाच. तो युरोपात गेला, इंग्रजीत 'कॅरॅव्हॅन' झाला, तिथे त्याचा अर्थ 'चाकांवरचं घर' असा बनला आणि आता तो आपल्याकडे परत आलाय, सरकारी धोरणाचं नाव होऊन. त्या धोरणाकडे मी शेवटी येतो.

आता ओढणं. पक्का रस्ता आला की बंडी आली. आपल्याकडे बंडी जड मालाची, रेंगी किंवा खासर माणसांना हलकं बसून जायला. पुण्याकडे खाचर आणि दमणी म्हणतात. मी लहान असताना पवनीकडे मामाच्या गावाला रेंगीत बसून गेलोय. त्या प्रवासातलं मला दृश्य फारसं आठवत नाही, पण आजोबांचा आवाज आठवतो. दर थोड्या वेळाने ते म्हणत, "मागं सरक", नाहीतर "पुढं ये". मला वाटायचं, म्हातारा उगीच ओरडतोय. फार उशिरा कळलं, की तो वजनाचा तोल सांभाळत होता, आणि त्यासाठी त्याच्याकडे दोन नेमके शब्द होते.

दोन चाकांच्या गाडीत सगळा भार एका आखावर असतो. आखाच्या पुढे जास्त वजन गेलं, की गाडी धुरजड होते. पुढचा दांडा खाली दाबतो, जू बैलांच्या मानेवर बसतं, आणि दोन-चार दिवस असंच चाललं तर बैलाचा खांदा येतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण हळद आणि लोणी लावून खांद शेकतो, ते काही नुसतं कौतुक नाही. वर्षभराच्या धुरजड खेपांचं ते देणं असतं. उलट वजन आखाच्या मागे गेलं, की गाडी उलाळ होते. झाडीबोलीत ळ नाही, म्हणून आपण 'उलार' म्हणतो. उलार बंडी जास्त वाईट. जू वर उचललं जातं, गळ्याखालची दोरी आवळते, बैल बिचकतो, आणि उतारावर मागचा भार डोलायला लागला की गाडीवानाच्या हातात काही उरत नाही. म्हणून जुना गाडीवान गाडी जराशी धुरजडच ठेवायचा. किती? दांडा एका हाताने उचलून बघायचा आणि मान हलवायची. तेच त्याचं माप.

(त्या तरुणाकडे पाहून) आता तुझ्या ट्रेलरबद्दल अमेरिकेतल्या पुस्तिका काय सांगतात? एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर यावा. त्याहून कमी झाला तर वेगात ट्रेलर डोलायला लागतो. युरोपात हे प्रमाण थोडं कमी धरतात. आकडे त्यांनी काढले, पण गोष्ट धुरजड-उलारचीच आहे. असो, याकडे परत येऊ.

या रस्त्यावरून घर ओढत नेणारा पहिला बडा माणूस म्हणजे साहेब. जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर, सेटलमेंट ऑफिसर, पोलीस कप्तान, जंगल खात्याचा अधिकारी, सगळे पावसाळा संपला की दौऱ्यावर निघत आणि थंडीचे चार-पाच महिने तंबूत राहत. तंबू म्हणजे आपली राहुटी नव्हे. झोपायचा तंबू, कचेरीचा तंबू, कनाती, पलंग, टेबल, नहाणीचं टमरेल, दप्तरं, खानसाम्याची भांडी. आणि रीत अशी, की तंबू दोन संच. साहेब एका मुक्कामी झोपलेला असताना दुसरा संच रात्रीच बंड्यांवर चढून पुढच्या पडावाला निघायचा. सकाळी साहेब घोड्यावरून रमतगमत, एखादा मोर मारत, तिथे पोचला की आमराईत त्याचं घर उभं, चहा तयार. आपल्या शेजारच्या शिवनीचा अनुभव सांगणारं स्टर्नडेलचं १८७७ चं पुस्तक आहे, त्याच्या नावातच 'कॅम्प लाईफ' आहे. वाचायला मजेदार पुस्तकं ही. त्यांत वाघ भरपूर, गवा भरपूर. बंडीवाला मात्र शोधावा लागतो.

त्या बंड्या कुणाच्या होत्या, याकडे बघू. सरकारकडे स्वतःच्या पुरेशा नव्हत्या. मुक्कामाच्या गावात कोतवार फिरायचा आणि बंड्या गोळा करायचा. याला बेगार म्हणत, आणि लाकूडफाटा, दूध, कोंबडी, वैरण पुरवायची ती रसद. भाडं कागदावर ठरलेलं असायचं, पण साहेबाच्या हातून सुटलेला पैसा शिरस्तेदार, चपराशी, कोतवार अशा पायऱ्या उतरत गाडीवानापर्यंत यायचा, आणि प्रत्येक पायरीवर थोडा झिजायचा. बेगारीबद्दलच्या तक्रारी देशभराच्या कागदपत्रांत आहेत, मी नवीन काही सांगत नाही.

पण आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट मला वाटते ती सांगतो, आणि ती हंगामाची आहे. साहेबाचा दौरा नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च. हवा छान, रस्ते कोरडे, नद्या उतरलेल्या. गव्हाच्या मुलखात हे महिने शेतकऱ्याला त्या मानाने सैल असतील. आपला मुलूख धानाचा. दिवाळीच्या आसपास कापणी, मग भारे बांधून खळ्यावर आणायचे, मग चुरणी, मग धान घरी. बंडी आणि बैल यांची वर्षातली खरी गरज नेमकी याच महिन्यांत. म्हणजे साहेबाचं घर जेव्हा रस्त्यावर सर्वांत सुखाने चालत होतं, तेव्हाच गावातलं धान खळ्यावर पोचायचं थांबत होतं. बेगारीचा राग एवढा का होता हे समजायला मला ही दिनदर्शिका पुरेशी वाटते. भाडं मिळालं का हा प्रश्न नंतरचा. आज बंडी गेली आणि उद्या अवकाळी आला, तर त्या भाऱ्यांचं काय?

याच रस्त्यांवर दुसरी ओढलेली घरं होती, आणि आहेत. गाडी लोहार. बंडीच त्यांचं घर, लाकडी, नक्षीची, पितळेच्या ठोकळ्यांनी मढवलेली. त्यांची परंपरा सांगते की चित्तोड पडलं तेव्हा पूर्वजांनी शपथ घेतली : गड परत मिळेपर्यंत छपराखाली झोपणार नाही. १५६८ ची ती गोष्ट. १९५५ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरू स्वतः त्यांना घेऊन चित्तोडच्या किल्ल्यात गेले, शपथ पुरी झाली असं जाहीर झालं. पण शपथ सुटली म्हणून जमीन मिळत नाही. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत 'घिसाडी' या नोंदीखाली गाडी लोहार, चित्तोडी लोहार ही नावं आहेत. आपल्या पिढीच्या लोकांनी यांना गावाबाहेर पाल टाकून विळे, पासा, कुऱ्हाडी ठोकताना बघितलंय. बाई घण मारते, पुरुष सांडशीने लोखंड धरतो, पोर भाता ओढतं. धान कापणीच्या आधी विळ्याला धार लागायची ती त्यांच्याकडे. बैल पुढे परवडेनासे झाले, अनेकांनी बंडी सोडली आणि सामान टेम्पोत किंवा जुन्या गाड्यांत भरलं. मुक्कामाची जागा मात्र अजून तीच, रस्त्याची कड. आणि तिथून किती दिवसांत उठवतील हे त्यांच्या हातात कधीच नव्हतं.

साहेबाचा पडाव आणि लोहाराचा पाल, दोघेही एकाच रस्त्याच्या कडेला. एकाला गाव बंड्या पुरवतं, दुसऱ्याला गाव विचारतं, कधी निघणार? इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आधी उत्तरेत, मग १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर झाली. फिरणं हाच संशय. घर चाकांवर असेल तर हजेरी द्या, पास घ्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला उठला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात.

आता जरा इंग्लंडला जाऊन येऊ, कारण हौसेचा कॅरॅव्हॅन तिथे जन्मला आणि योगायोग मोठा आहे. १८८५ च्या सुमाराला विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, नौदलात डॉक्टर राहिलेल्या माणसाने ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून स्वतःसाठी घोड्यांनी ओढायचं चाकांवरचं घर बनवून घेतलं. नाव ठेवलं 'वाँडरर', म्हणजे भटक्या. दीड-दोन टनांचं प्रकरण, ओढायला दोन घोडे, शिवाय गाडीवान, आणि एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन वाट मोकळी करणारा. आपल्या साहेबाच्या पुढे धावणाऱ्या चपराश्याचीच आठवण व्हावी. हे घर तिथल्या जिप्सी लोकांच्या गाड्यांवरून सुचलेलं. आणि त्याच दशकात तिथल्या पार्लमेंटपुढे एक विधेयक पुन्हा पुन्हा येत होतं, की जिप्सींच्या आणि जत्रेवाल्यांच्या चालत्या घरांची नोंदणी करा, तपासणी करा. ते मंजूर झालं नाही. पण एकाच रस्त्यावर एकाची भटकंती पुस्तक होते आणि दुसऱ्याची भटकंती विधेयक, हे तिथेही होतंच. पुढे मोटार आली, १९१९ पासून इंग्लंडात मोटारीमागे ओढायचे कॅरॅव्हॅन कारखान्यात बनू लागले, १९३० च्या दशकात अमेरिकेत लोक मासिकांतले आराखडे बघून अश्रूच्या थेंबाच्या आकाराचे छोटे ट्रेलर घरीच ठोकू लागले. आत फक्त झोपायची जागा, मागे झाकण उघडलं की स्वयंपाकाचा ओटा. आपल्या मित्राला हवा आहे तो हाच.

आपल्याकडे मोटारीमागचा ट्रेलर आला तो लष्करामार्फत. दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप आणि तिच्यामागचा पाव टनाचा दोनचाकी ट्रेलर. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी विलीस जीप इथे जोडायला घेतली, आणि १९५२ मध्ये सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाल्यावर ब्लॉकच्या कचेऱ्यांपुढे जीप दिसू लागली. साहेबाचा दौरा चार महिन्यांवरून एका दिवसावर आला. सकाळी निघायचं, गाव बघायचं, संध्याकाळी घरी. तंबूची गरज गेली. बेगारही गेली, हे चांगलंच झालं. माझे एक जुने गुरुजी मात्र म्हणत की अधिकाऱ्याचं रात्री गावात राहणंही त्याबरोबर गेलं. ते मला पूर्ण पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

आणि मग ट्रॅक्टर. आपल्या जिल्ह्यात आज ट्रेलर म्हटलं की एकच चित्र, ट्रॅक्टरची ट्रॉली. धान, रेती, विटा, वरात, मंडईला जाणारी माणसं. पश्चिम महाराष्ट्रात बीडकडचे ऊसतोड कामगार ट्रॉल्यांत संसार भरून कारखान्यांवर जातात. चूल, गाद्या, कोंबड्या, म्हातारी, तान्हं मूल, सगळं त्यात. २०२० च्या नोव्हेंबरपासून वर्षभर दिल्लीच्या सीमेवर शेतकऱ्यांनी ट्रॉल्यांवर ताडपत्री टाकून घरं केली होती. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यातली एक बातमी तुमच्यापैकी अनेकांनी बघितली असेल. हैदराबादहून पायी निघालेला बालाघाटचा एक मजूर. वाटेत सापडलेल्या लाकडांचा त्याने गाडा ठोकला, लहान चाकं लावली, त्यावर गरोदर बायकोला आणि मुलीला बसवलं आणि दोरीने ओढत गावाकडे नेलं. बालाघाट म्हणजे आपल्या जिल्ह्याला लागूनच. त्या दिवसांत आपल्याही महामार्गावरून छत्तीसगडकडे माणसांच्या रांगा जात होत्या. 'आपल्याकडे हे कुणी केलंय का', या प्रश्नाच्या उत्तरात तोही आहे.

आता आपल्या मित्राची एसयूव्ही. ही 'छोटी' एसयूव्ही छोटी का, हे माहीत आहे? करामुळे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि ठरावीक इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं. पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसी. मग उंच, दणकट दिसणाऱ्या गाड्याही चार मीटरच्या आत कोंबल्या गेल्या. २०१३ मध्ये इकोस्पोर्ट, २०१६ मध्ये ब्रेझा, २०१७ मध्ये नेक्सॉन. दिसायला जीपची नात, पण अंगाने घरगुती मोटार. वजन साधारण अकराशे ते तेराशे किलो. आणि मुख्य म्हणजे जवळपास सगळ्यांना इंजिनाची ताकद पुढच्या चाकांत.

इथे आजोबांचे दोन शब्द पुन्हा उपयोगी येतात, पण एक फरक करून. बंडीत धुरजड वजन बैलांच्या मानेवर येतं, म्हणजे ओढणाऱ्यावर. तुझ्या गाडीत जोड मागच्या बंपरखाली आहे. तिथे पन्नास किलो दाब आला की मागची चाकं दबतात आणि पुढची तेवढी हलकी होतात. तुझे बैल तर पुढे आहेत. कोरड्या डांबरावर काही कळणार नाही. पण तलावाच्या पाळीवरून खाली उतरलास, रात्री पाऊस पडला आणि सकाळी ओल्या काळ्या मातीतून वर यायचंय, की पुढची चाकं फिरत बसतील. म्हणजे उलार झालं तर महामार्गावर डोलणार, फार धुरजड झालं तर चिखलात बसणार. मधली जागा अरुंद आहे.

ती शोधायची कशी? पाचशे किलोचा ट्रेलर असेल तर जोडावर पन्नास किलोच्या आसपास भार यायला हवा. घरातला वजनकाटा सपाट जागी ठेवायचा, त्यावर लाकडाचा ठोकळा, त्यावर ट्रेलरचा पुढचा दांडा, जोडाच्या उंचीवर. पाणी, सिलिंडर, गाद्या सगळं भरून. रिकाम्या ट्रेलरचं माप काही कामाचं नाही. कमी भरलं तर पाण्याचा कॅन पुढे सरकव. हे पन्नास किलो गाडीत बसणाऱ्या माणसांच्या हिशेबातही धर, मागच्या स्प्रिंगला ते माणसासारखेच लागतात.

दुसरं, थांबणं. बंडीला ब्रेक नसतो. उतारावर पूर्वी एखादं चाक दोराने बांधून घसरत नेत, नाहीतर भार बैलांच्या अंगावर जायचा. ब्रेक नसलेला ट्रेलर तेच करतो, तू थांबतोस आणि तो थांबत नाही. युरोपात साडेसातशे किलोच्या वर ब्रेकशिवाय ट्रेलर चालत नाही, आणि ब्रेक नसेल तर तो ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्या वजनाच्या आत ठेवा असा तिथला जुना नियम आहे. तुझी गाडी बाराशे किलोची, म्हणजे सहाशेच्या आत, तेही भरलेला. ट्रक शेजारून जाताना हवेचा झोत लागून ट्रेलर डोलायला लागला तर जोरात ब्रेक मारू नकोस, स्टिअरिंगशी झटापट नको, पाय एक्सलरेटरवरून काढ आणि गाडी सरळ धर. आणि मागे घेणं शिकायचं असेल तर कुठल्याही क्लासला जाऊ नकोस. गावातल्या ट्रॅक्टरवाल्या पोराला एक चहा पाज. ट्रॉली उजवीकडे वळवायला चाक डावीकडे, हे त्याच्या हाताला पाठ आहे.

तिसरं, कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची स्वतंत्र व्याख्या आहे, ट्रेलरची नोंदणी वाहनासारखीच लागते. खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर असा वर्गही नोंदणीच्या यादीत आहे. पण त्या यादीतून कधी काही सरकतंय असं एमएच-३६ च्या हद्दीत मला तरी दिसलेलं नाही. ट्रेलरविषयीचा आपला कायदा कोर्टात घडला तो बहुतेक ट्रॅक्टरच्या अपघातांतून. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मागे ट्रेलर जोडला एवढ्याने चालकाचं लायसन्स निरर्थक होत नाही, ते प्रकरणही ट्रॅक्टरचंच. तेव्हा आधी वेल्डरकडे जाऊ नकोस. घरी ठोकलेल्या ट्रेलरला मंजुरी मिळवणं हे पुण्याच्या चाचणी संस्थेपर्यंत जाणारं काम होऊ शकतं. मंजुरी असलेला तयार ट्रेलर कुठे मिळतो ते बघ, आरटीओत विचार, विमा कंपनीला लेखी विचार. आणि गाडीची पुस्तिका उघड. काही कंपन्या तिच्यात स्वच्छ लिहितात, ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी नाही. तसं लिहिलं असेल तर माझं सगळं व्याख्यान विसर.

आणि मुक्काम. २०२१ च्या सुरुवातीला महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. कॅरॅव्हॅन पार्क असावेत, पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असावी. चाकांवरच्या घराला थांबायचा हक्क असावा, असं सरकारने कागदावर म्हटलं, हे मला इतिहास म्हणून मोठं वाटतं. फक्त हा हक्क पर्यटकाला मिळाला. त्याच रस्त्याच्या कडेला पाल टाकणाऱ्या लोहाराच्या बंडीला असं पार्क कुणी सुचवलेलं नाही. हे तुझ्यावर नाही रे, तू मनाला लावून घेऊ नकोस. पण चांदपूरच्या तलावाकाठी तू ट्रेलर उभा करशील आणि गावातलं कुणी येऊन कौतुकाने आत डोकावेल, तेव्हा हे तुझ्या लक्षात असावं असं मला वाटतं. कोका आणि नागझिऱ्यात तर परवानगीशिवाय प्रवेशच नाही. पिटेझरीच्या गेटबाहेर कुणाच्या तरी अंगणात विचारून, भाडं देऊन थांब. भाडं थेट त्याच्याच हातात दे.

माझं झालं. कुणाला काही विचारायचं असेल तर... हो, काकाजी, बोला.

(श्रोत्यांपैकी एक वयस्क शेतकरी : "सर, एक राहिलं जी. धान खरेदी केंद्रावर आम्ही ट्रॉली घेऊन नंबर लावतो न, तवा रात्री ट्रॉलीतच झोपतो. मागच्या साली तीन रात्री झोपलो.")

खरंच राहिलं. घरापासून किती लांब होतं केंद्र?

("लांब नाही, सात-आठ किलोमीटर. पण नंबर जाईल म्हनून हलता येत नाही.")

झोप लागत होती?

("खाली धानाची पोती असली तं लागते जी. थंडी लय वाजते पण.")

हे मी लिहून घेतो. तुम्ही खाली थांबा, जाऊ नका, मला अजून विचारायचं आहे.